एक ते चारचा खड्डा

"धप्प! हा भरलेला. टुण्! हा गेलेला!"

कल्याणीने उडी मारून पडलेला सेल उचलला आणि रिकाम्यांच्या ढिगात टाकला. मे महिन्याची सुट्टी होती आणि कर्वेनगरच्या मधुमालती सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघांची प्रयोगशाळा थाटली होती. पेन्सिल सेल चार बोटं उंचीवरून उभा सोडायचा. भरलेला असेल तर गपकन बसतो, रिकामा असेल तर उडी मारतो. ही युक्ती फैझलच्या आजोबांची, दादामियाँची.

"म्हणजे रिकामाच जास्त उड्या मारतो. अगदी समाधानसारखा!" कल्याणी म्हणाली.

"मी भरलेला आहे. आत्ताच तीन आंबे खाल्लेत!" समाधानने पोटावर हात फिरवला.

तेवढ्यात तळमजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब!

"शाळेत घड्याळ शिकवतात का? एक वाजलाय. चार वाजेपर्यंत इथे सेलसुद्धा पडता कामा नये!"

खिडकी बंद. कल्याणी आणि समाधान तोंड दाबून हसले. फैझल मात्र हसला नाही.

त्याला कारण होतं. सोसायटीच्या फाटकाबाहेर दादामियाँचं दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चालू होतं. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, त्यांच्या हाताखालून गेलं की चालूच व्हायचं. आणि या वयातही त्यांचं शिकणं थांबलं नव्हतं! जिन्यातले दिवे, इंटरकॉम आणि कॅमेरे ज्या बॅटरीवर चालत, ती जुनी बॅटरी दोघांनी मिळून उचलावी लागे आणि तिच्यात सारखं पाणी घालावं लागे. दादामियाँनी तीन महिन्यांपूर्वी तिच्या जागी लिथियमची नवी बॅटरी बसवली. एका हाताने उचलता येणारी, पाणी न मागणारी!

पण गेल्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता वीज गेली आणि जिन्यातले दिवे लागलेच नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंची पायरी चुकली आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

"जुना माल नवा म्हणून लावलात!" रावसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते.

दादामियाँनी दुकानाचं शटर खाली ओढलं, ते आजतागायत उघडलं नव्हतं.

"नीट जेवतसुद्धा नाहीत रे," फैझल म्हणाला. "म्हणतात, चाळीस वर्षांत कमावलं ते नाव गेलं, आता पक्कड कशाला धरायची? रविवारच्या मीटिंगमध्ये तर त्यांचं काम कायमचं काढून घेणार आहेत."

"आज शुक्रवार. चला, बॅटरीलाच विचारू!" कल्याणी उठली.

मीटरच्या खोलीत तिघं शिरले. उघड्या तारेला हात लावायचा नाही हा दादामियाँचा पहिला नियम, म्हणून हात मागे बांधूनच पाहणी सुरू झाली. बॅटरीच्या अंगावर छोटं स्टिकर होतं.

"अरे, हिला ब्लूटूथ आहे!" कल्याणी ओरडली.

"बॅटरीला ब्लूटूथ आणि मला साधा फोन नाही. काय हा अन्याय!" समाधान पुटपुटला.

दादामियाँ बटणांचा फोन वापरत, त्यामुळे बॅटरीचं ॲप त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कल्याणीने आईच्या फोनवर ते घेतलं आणि तिघं बघतच राहिले! बॅटरीच्या पोटातल्या इवल्याशा सर्किटने रोजचा आलेख जपून ठेवला होता. सकाळभर सरळ रेघ. बरोबर एक वाजता घसरण. चारनंतर पुन्हा चढण. रोज तसाच खड्डा!

"आणि बुधवारी बघा, चारनंतर चढलीच नाही!" फैझलने रेघेवर बोट ठेवलं. "सातपर्यंत कॅमेऱ्यांनी सगळी संपवली. दिवे लागणार कुठून? बॅटरी चांगलीच होती. दादांची काहीच चूक नव्हती!"

"पण चार्जिंग रोज एकला बंद कसं होतं?" समाधानने विचारलं.

"पुण्यात एक वाजता काय काय बंद होतं?" कल्याणीने उलट विचारलं.

तिघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे रावसाहेबांची झोपायची खोली होती.

"आलेख दाखवला तर म्हणतील, मोबाइल खोटा," फैझल म्हणाला. "त्यांना रंगेहाथच पकडायला हवं. थांबा, माझ्या डोक्यात एक कल्पना आहे!"

शनिवारी सकाळी त्याने ते जमवलं. खेळण्यातल्या पोलिस गाडीचा भोंगा, मोडक्या स्टॅबिलायझरमधला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आणि फोनचा जुना चार्जर. वीज चालू आहे तोवर रिले भोंग्याला गप्प ठेवणार. वीज गेली की सोडून देणार! धप्प करून बसलेले चार सेल त्यात घातले आणि फोनचा चार्जर बॅटरीच्या चार्जरशेजारच्या, त्याच बटणावरच्या सॉकेटमध्ये लावला.

एक वाजून दोन मिनिटं.

"वीऽऽऊ वीऽऽऊ वीऽऽऊ!"

अख्खी सोसायटी झोपेतून उठून खाली आली. मीटरच्या खोलीत बनियन-लेंग्यातले रावसाहेब उभे होते, बोट अजून बटणावरच!

"रावसाहेब, आग लागलीय की आपण लावताय?" दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून विमलाबाईंनी विचारलं.

"अहो, त्या चार्जरचा पंखा भिंतीतून घूंऽऽ करतो! झोप लागत नाही. तीन तास तर बंद ठेवतो, चहा झाला की लावतो... बुधवारी तेवढा पुतण्या आला होता, गप्पांत..." रावसाहेब मध्येच थांबले. त्यांचा चेहरा पडला.

कल्याणीने आलेख उघडून फोन पुढे केला. रावसाहेबांनी चष्मा मागवला. बुधवारची रेघ त्यांनी दोनदा बोट फिरवून पाहिली.

"म्हणजे विमलाबाईंचा पाय माझ्यामुळे मोडला," ते हळूच म्हणाले. मग सदरा चढवून ते स्वतः दादामियाँना आणायला गेले.

दादामियाँनी पंख्याचा आवाज ऐकला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून चार्जरच्या चार स्क्रूंखाली बसवले. घूंघूं बंद!

"मला एकदा सांगायचं होतंत, रावसाहेब. एवढंच काम होतं."

"चुकलो, दादामियाँ. माफ करा," रावसाहेबांनी हात जोडले.

विमलाबाई वरून म्हणाल्या, "फैझल, कल्याणी, समाधान! एवढ्या मोठ्या माणसांना जे विचारायचं सुचलं नाही, ते तुम्ही बॅटरीला विचारलंत. शाबास!" दादामियाँनी मात्र नुसता फैझलचा भोंगा हातात घेतला, उलटसुलट करून जोडणी पाहिली आणि त्याची पाठ थोपटली. फैझलला तेच हवं होतं.

रविवारी सकाळी फाटकावर रावसाहेबांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी होती: 'बुधवारी जिन्यातले दिवे माझ्या चुकीमुळे लागले नाहीत. दादामियाँ यांनी बसवलेली बॅटरी उत्तम आहे. शंका असल्यास मला विचारावे. एक ते चार सोडून.'

दादामियाँनी ती पाटी सावकाश वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. दुपारी दीड वाजता ते दुकानापाशी आले. चार दिवस बंद असलेलं शटर खडखडाट करत वर गेलं!

रावसाहेबांची खिडकी उघडली.

"वाजू दे," रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी अलगद लावून घेतली.