दोन घरांचं एक दार

मुलांनो, अशी एक गल्ली डोळ्यांसमोर आणा, जिथे समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. आता एका टोकाकडून कापडाचं गाठोडं घेतलेली शिंपीण आत पाठवा, आणि दुसऱ्या टोकाकडून पाठीवर अख्खं दार घेतलेला सुतार.

झालं. दोघंही अडकली.

"जरा मागे व्हा ना," शिंपीण म्हणाली.

"मी होईन हो, पण दार ऐकत नाही."

"मग दाराला समजवा, सुतारदादा."

"दादा सोडून काहीही म्हणा," दाराआडून आवाज आला.

गाठोडं डोक्यावर घेऊन ती भिंतीला चिकटली... आणि हसू दाबत राहिली. तो वळणापलीकडच्या खोलीत नवा राहायला आला होता. दार त्याने स्वतःसाठीच बनवलं होतं.

पुढे वर्षभर त्याच्या शर्टाचा खिसा दर आठवड्याला फाटत राहिला. "पेन्सिल टोचते," तो म्हणायचा. ती मुकाट्याने खिसा शिवायची. पेन्सिल तर कायम कानावर असते, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

मग बातमी आली. वस्तीवरून मोठा रस्ता जाणार. लांबच्या इमारतींत घरं मिळणार, पण ज्याच्या दारावर मोजणीचा नंबर पडेल त्यालाच. एक दार, एक घर. पडद्याला नंबर नाही.

शिंपिणीचं दार मागेच कुजून पडलं होतं. आज बघू, उद्या बघू करता करता तिथे चिंध्या जोडून शिवलेला पडदाच राहिला होता. आणि पदरात आईविना सात वर्षांची भाची.

मोजणीच्या आदल्या दिवशी तिने एकच बाही दोनदा उलटी लावली.

"मावशी, आपलं घर मोजणार नाहीत?"

"मोजतील गं," ती म्हणाली, आणि सुई बोटात घुसली.

"मोजतीलच," सुतार पडद्याबाहेरून म्हणाला. "सकाळी दार बसवतो."

"परवा तर तुमच्याकडे फळकूटही नव्हतं."

"सुताराला लाकूड कुठलं ते विचारू नये... राग येतो."

सकाळी खरंच दार बसलं. नवा निळा रंग, घट्ट कडी. पडदा काखोटीला मारून तो घाईघाईने निघूनही गेला. इतकी घाई कशाची, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. तेवढ्यात मोजणीसाहेब आले, त्यांच्यासोबतच्या रंगाऱ्याने दारावर एक्केचाळीस लिहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

साहेबांच्या मागे पळालेली भाची मात्र लगेच परत आली.

"मावशी, आपला पडदा सुतारकाकांच्या घराला लावलाय."

शिंपीण धावली.

"दार नाही. पुढचं घर," साहेब वळणापलीकडे सांगत होते. रंगाऱ्याने डबा उचलला. सुतार जमिनीकडे बघत उभा होता.

"थांबा साहेब." ती पुढे झाली. "यांचं दार... माझ्या घराला बसवलंय."

"मग तुमचा नंबर खोडू?"

भाचीने तिचा हात गच्च धरला.

"तसं काही नाही, साहेब," सुतार घाईने म्हणाला. "मी एकटा जीव. कुठेही हातोडी ठोकेन."

"तुम्ही गप्प बसा," ती त्याला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "खोडू नका. यांचं नाव एक्केचाळीसमध्येच लिहा."

"तिथे घरातलीच माणसं लिहितात, बाई. नातं काय लिहू?"

तिने सुताराकडे पाहिलं... त्याने कानावरची पेन्सिल काढली होती आणि कुठे ठेवायची ते विसरला होता.

"दादा सोडून काहीही लिहा," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "लिहा साहेब. मत बदलायच्या आत लिहा."

साहेबांनी पेन टेकवलं, आणि पुन्हा उचललं. "पण हे तर इथे राहतात, आणि तुम्ही तिथे. एक घर कसं म्हणू?"

भाचीने मावशीचा हात सोडला. ती पडद्याखालून सुताराच्या खोलीत शिरली, आणि त्याची हत्यारांची पिशवी दोन्ही हातांनी ओढत, खडखडाट करत, एक्केचाळीस नंबरच्या दारातून आत घेऊन गेली.