चार उतारे, एक तास

"ही नक्षी तुमचीच का?" टेबलामागून ग्रंथालयातल्या तरुण ग्रंथपालाने विचारलं, आणि माझी पाचावर धारण बसली.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं, ग्रंथालयातून नेलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मी पेन्सिलने आपल्या भाषेतला अर्थ लिहिला होता. एकही शब्द सोडला नव्हता, तरी पानाच्या शेवटी काय वाचलं ते सांगता येत नव्हतं. महिन्याभराने इंग्रजी वाचनाची परीक्षा होती... तासाभरात चार उतारे. नापास झालं की प्रवेश रद्द. माझा तासात जेमतेम दीड व्हायचा.

दंड म्हणून सगळं खोडायचं होतं, तिथेच, त्याच्यासमोर बसून. खोडता खोडता वर पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. लगेच कार्डं नीट लावायला लागला. ती नीटच होती.

तिसऱ्या दिवशी माझ्या परीक्षेचं ऐकून त्याने हळूच सुचवलं, सरावाचे उतारे तोच वाचेल आणि मला सार सांगेल. आवाज इतका मऊ, की हो म्हणावंसं वाटलं.

"चावून दिलेला घास नको मला," मी म्हणाले. "तुम्ही फक्त घड्याळ लावा."

मग रोज चारला आम्ही बसायचो. डिक्शनरी त्याच्या खणात. अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही, आणि शेवटी काय कळलं ते सांगायचं. सुरुवातीला सांगताना मी रोग्याला बरं करायचे आणि डॉक्टरला मारून टाकायचे. तो हसायचा, मी चिडायचे, आणि पान पुन्हा पहिल्यापासून. एकदा रडूच आलं. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. बोटाला बोट लागलं... पुढची ओळ मी तीनदा वाचली.

आई फोनवर म्हणायची, झेपत नसेल तर परत ये गं. मी मात्र झेपवायचंच ठरवलं होतं.

पास झाले. चारही उतारे, वर पाच मिनिटं शिल्लक. धावत सांगायला गेले. तो खूष झाला, मग टेबलाकडे बघत म्हणाला, "आता तुम्हाला इथे यायचं काही कारण नाही."

"नाहीच. वाचायला तुमची गरज नाही आता."

त्याचा चेहरा पडला. पण मी माघार घेणार नव्हते.

"म्हणूनच आज सांगते. गरज असताना बोलले असते, तर उपकार फेडल्यासारखं झालं असतं... मला तुम्ही आवडता."

त्याने हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"एकदा माझ्या मनात आलं होतं," तो म्हणाला, "तुम्हाला अजून थोडे दिवस जमू नये. स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी कळलं, मी किती गुंतलोय ते."

मी टेबलावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. माझ्या मागे पुस्तक घेऊन रांगेत उभी असलेली बाई खाकरली, तरी त्याने हात काढून घेतला नाही.