ड्रायव्हर बदलायची तीन मिनिटं

यात मध्यरात्र नाही, ओसाड बंगला नाही. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, दोन-तीनशे माणसांसमोर झालं. रविवार होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तरीही ज्यांच्यावर ओढवलं ते सोडून, घडलेलं खरं मानणारं मला आजवर कोणी भेटलं नाही.

तुम्हीही मानू नका हवं तर. मला सांगून टाकायचंय, बस.

आम्ही कॉलेजची मुलं मिळून रेसची छोटी गाडी बनवायचो. एकाच माणसाची, वरून उघडी, जमिनीला जवळजवळ टेकलेली. वर्षभर राबायचं आणि मग बाकीच्या कॉलेजांच्या गाड्यांशी स्पर्धा. माझ्याकडे सीटचं काम होतं.

ड्रायव्हर दोन. एक आमचा कॅप्टन, आडव्या अंगाचा, सदा हसतमुख. दुसरा माझा धाकटा भाऊ. वजन बावन्न किलो, म्हणून सगळे त्याला काडी म्हणायचे. ड्रायव्हर हलका तेवढी गाडी पळते. त्याचं नाव मीच पुढे केलं होतं.

आई फोनवर एवढंच म्हणाली, "तुझ्या भरवशावर बसतोय हं तो त्यात."

सीट अशी बनते. ड्रायव्हरला गाडीत बसवायचं. त्याच्या पाठीमागे आणि खाली प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवायची, आणि तिच्यात फोमची दोन रसायनं ओतायची. फोम फुगतो, तापतो, अंगाच्या आकाराने भरत जातो आणि मग कडक होतो. वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी, सकाळी अकराला, आम्ही काडीला बसवलं. वर्कशॉपचं शटर सताड उघडं होतं. आम्ही पाचजण भोवती उभे राहून त्याची यथेच्छ टिंगल करत होतो. तोही हसत होता.

दहाव्या मिनिटाला त्याचं हसणं थांबलं.

"ताई, मागे कोण आहे?"

"तुझा सासरा. गप बस, हलू नकोस."

"फोम ढकलतो ना गं? हे... हे ओढतंय."

मी मागे बघितलं. मागे फक्त इंजिन होतं.

वीस मिनिटांनी त्याला हात देऊन उठवलं. पिशवीचं प्लॅस्टिक बाजूला केलं.

सीट त्याची नव्हती.

खांद्यांचा ठसा त्याच्या खांद्यांपेक्षा वीतभर रुंद. खाली दोन जाड, लांब मांड्यांचे ठसे. काडीच्या अंगाचा ठसा त्यात कुठेच नव्हता. लहान मुलाला कोणी मांडीवर घेऊन बसावं, तसा तो बसला असणार.

"रसायनाचं प्रमाण चुकलं तुझं," कॅप्टन म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात आडवा. त्याने बसून बघितलं तर त्यालाही ती सैल झाली. "ठीक आहे, दोघांना एकच सीट. कडेला स्पंज भरू."

फोम संपला होता, दिवसही उरले नव्हते. मी मान डोलावली. चूक माझीच आहे असं मानून घेणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीचं वजन केलं. चार चाकांखाली चार काटे, ड्रायव्हर आत. रिकामी गाडी दोनशे दहा किलो. काडी बसला की दोनशे बासष्ट व्हायला हवी.

आकडा आला... तीनशे चाळीस.

कॅप्टन बसला. त्याचं वजन तंतोतंत बरोबर आलं. पुन्हा काडी बसला. पुन्हा तीनशे चाळीस. तो उतरल्याबरोबर दोनशे दहा.

"काटे गंडलेत," असं सगळ्यांचं एकमत झालं.

मी काडीला बाजूला घेऊन म्हणाले, तू चालवू नकोस. तो भडकलाच. "वर्षभर राबलोय मी, ताई! एका काट्यापायी?" मग आमच्यावर देखरेख करणाऱ्या सरांकडे गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "सीटमध्ये भूत आहे असं लेखी देतेस का? मी सही करतो." सगळे खो-खो हसले. मीपण हसले. आजही त्या हसण्याची लाज वाटते.

रविवारी शेवटची, लांब पल्ल्याची शर्यत होती. अर्धं अंतर एकाने चालवायचं. मग गाडी थांबवून ड्रायव्हर बदलायचा. त्यासाठी तीनच मिनिटं. आखलेल्या रेषेच्या आत दोन ड्रायव्हर आणि एक मदतनीस, बाकी सगळे जाळीपलीकडे.

मदतनीस मी होते.

अर्धं अंतर संपवून काडी आला. इंजिन बंद केलं. बेल्ट उघडले. दोन्ही बाजूंना हात टेकून त्याने अंग वर रेटलं...

तो उठलाच नाही.

"ऊठ ना!"

"उठतोय गं..."

त्याचे दंड थरथरत होते. मी काखेत हात घालून ओढलं. याला मी लहानपणी पाठीवर घेऊन जिने चढलेय. तो तसूभरही हलेना.

एक मिनिट गेलं.

"ताई, त्याने कमरेला हात घातलेत." हेल्मेटमध्ये तो रडत होता. "सोडत नाहीये. ताई, मला घेऊन चल ना."

मी त्याच्या कमरेकडे बघितलं. दोन्ही बाजूंनी सूट आत दबला होता... आणि बेल्ट तर उघडे होते.

मी घड्याळवाल्या अधिकाऱ्याला हाक मारली. तो आला, वाकला, त्याने नीट बघितलं. "काही अडकलेलं नाही. एक मिनिट राहिलंय."

कॅप्टन हेल्मेट घालून माझ्या मागेच उभा होता.

मी खाली वाकले. भावाच्या पाठीमागे, सीटच्या फटीशी तोंड नेलं.

"सोड त्याला," मी म्हणाले. "दुसरा येतोय."

असं का म्हणाले, मला माहीत नाही.

खोटं बोलतेय. पुरतं माहीत होतं.

काडी इतक्या सहज वर आला की आम्ही दोघं जमिनीवर आपटलो.

"झाली का भावंडांची नाटकं?" कॅप्टन हसत आत उतरला. बेल्ट लावून देणं माझं काम. त्याचे बेल्ट मीच आवळले. ओरडून सांगावं असं वाटत होतं, उतर म्हणून. पण काडी जमिनीवर बसून माझा पाय घट्ट धरून होता. तो बाहेर होता. मी तोंड उघडलं नाही.

गाडी सुटली. पूर्ण अंतर धावली. आमचा नंबर सहावा आला, जाळीपलीकडे नुसता जल्लोष.

कॅप्टन गाडीतून उठला नाही. चौघांनी उचलून काढला. तो हसत होता, गोंधळून. "अरे, पाय कुठे गेले माझे?"

याला दोन वर्षं झाली. त्याचे पाय हलत नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही निघत नाही. काडी ठणठणीत आहे, नोकरीला लागलाय. त्या दिवसाचं नाव काढलं की उठून जातो.

गेल्या महिन्यात मी कॅप्टनला भेटायला गेले. त्याच्या आईने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. तो नेहमीसारखा थट्टा करत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला,

"मी मागेच उभा होतो त्या दिवशी. तू जे बोललीस ते ऐकलं मी."

मी हातातला कप खाली ठेवला.

"रागावलो नाही गं. माझा भाऊ असता तर मीपण तेच केलं असतं." त्याने खुर्चीच्या पाठीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. "फक्त... तुझं ऐकतं ते. एकदा वाकून सांग ना परत. मला सोडायला सांग."

मी चहा तसाच ठेवून निघून आले.

तो रोज फोन करतो. मी उचलत नाही. सांगितलं तर सोडेलही कदाचित. पण या वेळी दुसरा कोण येतोय म्हणून सांगू?