दुसरं काडतूस

"दोन्ही नळ्या भर!" बाबा खुर्चीतून ओरडले, आणि ताईचा हात काडतुसांच्या डब्यातच थिजला.

बंदूकदुरुस्तीच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत चौदा वर्षांची भाची पणजोबांच्या वेळची ती दुनळी बंदूक कशीबशी पेलत उभी होती. बंदूक कसली, लोखंडाचं धूडच ते! पोरीचे हात भरून आले होते, पण कबूल करेल तर शपथ! अगदी बापावर गेली होती. तो बाप, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, भिंतीला टेकून उभा होता. बावीस वर्षांनी तो या घरी आला होता, तोही बाबांनी 'मरण्याआधी नातीला बंदूक शिकवू दे' म्हणून फोनवर रडून हट्ट धरला म्हणून. सकाळपासून ताईशी तो एक शब्दही बोलला नव्हता.

"नवशिक्याला एकच, बाबा," ताई हळूच म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

"आज बरा नियम आठवला!" भाऊ उसळला. "माझ्या वेळी कुठे गेला होता गं?"

ताईने मान खाली घातली. तेव्हा भाऊ सोळा वर्षांचा होता. या झिजलेल्या बंदुकीचा एक चाप ओढला की धक्क्याने कधीकधी दुसरी नळीही सुटते, हे बाबांना ठाऊक होतं. तरीही पोराच्या कौतुकापायी त्यांनी आत दुकानात, त्याच्या नकळत, स्वतःच्या हाताने दोन काडतुसं घातली... एकदम दोन बार उडाले, खांद्याचा चुराडा झाला, आणि मोठ्या स्पर्धांची स्वप्नं पाहणारा तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही! "पोरी, लोकांना कळलं तर दुकान बुडेल," बाबांनी तिचे पाय धरले होते, "तू भरलीस म्हण. चार महिन्यांनी मीच त्याला खरं सांगेन." चार महिन्यांची बावीस वर्षं झाली! भावाने घर सोडलं, बहिणीला लग्नालाही बोलावलं नाही. आणि ती मात्र कानस चालवत, बाबांची पथ्यं सांभाळत, गुन्हेगारासारखी जगत राहिली.

"अरे, तिला कशाला बोलतोस?" बाबांच्या थकलेल्या डोक्यातून हल्ली बरंच काही निसटत असे. काय सांगायचं नाही, तेही आता निसटलं होतं. "तेव्हाही मीच भरली होती की दोन्ही! माझा वाघ होतास तू. एका काडतुसाने तुझं काय भागणार?"

आणि ते कौतुकाने हसले!

"ताई...?" भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

या क्षणाची ताईने किती वाट पाहिली होती! आपण रडू, भांडू, त्याला जाब विचारू... पण आता तिला फक्त विलक्षण थकवा जाणवला. तिने एकच काडतूस भरलं. "गाल दस्त्याला चिकटव, बाळा. खांद्याशी फट ठेवू नकोस. वजन पुढच्या पायावर." भाचीच्या पाठीवर तिने आपला तळवा घट्ट टेकवला.

बार उडाला. बांधावर नेमासाठी ठेवलेला रिकामा डबा जागचा हलला नाही. पण पोरही हलली नाही. "आत्या, दुखलंच नाही!" ती ओरडली.

बंदूक रिकामी करून ताईने बाजूला ठेवली, तेव्हा भाऊ समोर येऊन उभा राहिला होता. त्याचे डोळे वाहत होते.

"का सोसलंस गं एवढं? एका शब्दाने तरी सांगायचंस!"

"तुला बाप राहिला नसता रे. बहिणीवाचून चालतं माणसाचं."

"नाही चालत, ताई! नाही चालत...!" त्याने तिचे दोन्ही हात कपाळाशी धरले.

"चहा कोण करतंय?" मागून बाबांनी विचारलं. त्यांच्या गावीही नव्हतं काही. ताई सवयीने वळली, तसं भावाने तिला पायरीवर बसवलं.

"बस तू. मी करतो."

तो स्वयंपाकघराकडे निघाला. पायरीवर बसून ताई त्याच्या पाठमोऱ्या, एका बाजूला कललेल्या खांद्यांकडे पाहत राहिली.

"बाबांना साखर अर्धा चमचाच घाल," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना.