पाच ओळी कुणी पुसल्या?

भर वर्गात, तीस मुलांच्या देखत, पडद्यावरच्या पाच ओळी गडप झाल्या.

एक अनोळखी कर्सर आला, ओळींवरून फिरला आणि – साफ! ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. तंत्रशाळेत ती भाषा शिकवायची. पान इंटरनेटवरचं, सगळ्या वर्गानं एकाच वेळी लिहायचं, आणि विषय होता ‘वर्कशॉपमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी’. पेन म्हटलं की पळणारी ही पोरं, महिनाभर मागे लागून तिनं त्यांना लिहितं केलं होतं. आणि गेलेल्या ओळी कुणाच्या? मागच्या बाकावरच्या मुलीच्या! तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या पोरीनं आज पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं.

‘कोण आहे?’ मॅडमनी त्याच पानावर विचारलं.

‘वर्कशॉप,’ उत्तर आलं. ‘लिहिलंय ते चूक आहे.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलं पाठीमागे तिला ‘कुकर’ म्हणायची. आता शिट्टी होणार हे ओळखून पहिल्या बाकानं माना खाली घातल्या. मागच्या बाकावरची मुलगी मात्र उठली, दप्तर घेतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. फोन केला तर तिची ताई म्हणाली, “मॅडम, ती शाळा सोडते म्हणतेय. मला लिहिता येत नाही हे सगळ्यांनी बघितलं, असं म्हणते.”

मग काय! फोन ठेवून मॅडम उठली आणि जिना उतरून थेट वर्कशॉपमध्ये शिरली. तापलेल्या लोखंडाचा वास, आणि त्यात एक उंच माणूस – कपाळावर काजळी, ॲप्रनला ठिणग्यांची भोकं. ती या शाळेत येऊन चार महिने झाले होते, पण वेल्डिंगचे सर असे समोर कधी आलेच नव्हते.

“तुम्हीच का ते? पोरांच्या ओळी खाणारे?”

त्यानं शांतपणे सांडशी खाली ठेवली. “गॉगल वर करून बघते, असं लिहिलं होतं तिनं. नव्या पोरांनी तसंच केलं तर? डोळा गेला तर त्या जागी काय, परिच्छेद बसवायचा?”

“अहो, मग विचारायचं ना तिला! का गं बाई वर करतेस? चोर तो चोर, वर शिरजोर!”

“मला... बोलायला फारसं जमत नाही.”

“पुसायला बरं जमतं!”

तिनं पानाची जुनी प्रत फोनवर काढली आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. “वाचा. पाचही ओळी वाचा.”

त्यानं वाचलं. ‘गॉगलवर वाफ धरते. तीन मिनिटांत काही दिसत नाही. सगळ्यांचंच असं होतं, पण कुणी बोलत नाही. मी वर करून बघते आणि परत लावते. मला भीती वाटते.’

“शेवटची ओळ मी वाचलीच नव्हती,” तो पुटपुटला. मग त्यानं मुलांच्या खोक्यातला एक गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला आणि ग्राइंडर सुरू केला. ती हाताची घडी घालून उभी. तीन मिनिटं कसली, दोनच मिनिटांत त्यानं मशीन बंद केलं.

“काही दिसत नाही! माझा चांगला आहे हो... पोरांचा कधी घालूनच बघितला नाही मी!” आणि त्यानं तो गॉगल असा भिरकावला की भिंतीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले.

आपल्याइतकं रागावणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. आवडलं तिला. आणि आवडलं म्हणून आणखीच राग आला.

त्याच संध्याकाळी तो त्या मुलीच्या दारात गेला. “पोरी, चूक माझी. तुझ्या ओळी खऱ्या आहेत,” एवढंच म्हणाला. सकाळी मुलगी बाकावर हजर!

दोघांनी मुलांसाठी नवे गॉगल मागितले, तर प्राचार्य म्हणाले, “वाफ धरली तर पुसावी. नवे हवेत तर लेखी द्या.” त्या दिवशी घरी तिचा पट्टा सुरू झाला – प्राचार्य असे, तो असा, तो तसा, तो किती हळू बोलतो... वहिनी हसून म्हणाली, “अगं, सगळं एकाच माणसाबद्दल? प्राचार्यांसाठी ठेव की थोडं!”

गॉगल पंधरा दिवसांत आले, ते आधीच सांगून ठेवते. पण त्या अर्जाचं ऐका. वर्गानं आणि दोघांनी मिळून एकाच पानावर तो लिहायचा होता. ती वर वर्गात, तो खाली वर्कशॉपमध्ये. तिनं सुरुवातच केली, ‘मुलांचे डोळे फुकट मिळतात असा आपला समज दिसतो.’

त्याचा कर्सर शेजारी येऊन थांबला. ‘जरा कडक होतंय. बदलू का?’

‘बदला.’

‘नक्की?’

‘अहो, बदला की!’

‘रागावणार नाही ना?’

वर्गात खसखस पिकली. तिची बोटं आता कळांवर आपटत होती. ‘एका ओळीसाठी एवढं विचारता? त्या दिवशी तर पाच ओळी घशात घातल्यात!’

‘तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हतो. आता तुमचं पुसायला हात धजत नाही.’

‘असला भित्रा नवरा मला चालणार नाही!’

...लिहून गेली. रागाच्या भरात लिहून गेली! पडद्यावरचे तीस कर्सर जागच्या जागी थांबले. खालच्या मशीनचा आवाजही बंद झाला. तिचा चेहरा कानापर्यंत लाल. ओळ उडवायला तिनं बोट पुढे केलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला –

“मॅडम! पुसायच्या आधी विचारायचं असतं ना?”

सगळा वर्ग वळून त्या मुलीकडे बघत राहिला. दात-ओठ खाऊन, कुणाकडेही न बघता, मॅडमनी टाइप केलं, ‘पुसू का?’

कर्सर लुकलुकला. थांबला. मग एकेक अक्षर उमटत गेलं –

‘नको. मी वर येतोय.’