हौशी खेळाडूंची खोली

ऑब्री थर्सफील्ड त्या दिवशी मैदानावर आला तो वैतागूनच. बूट बदलायला खोलीत शिरला, तर त्याच्या खुंटीवर पुन्हा तीच जुनी टोपी. काल त्याने ती कपाटावर फेकली होती, परवा थेट खिडकीबाहेर.

खोली हौशी खेळाडूंची होती. पैसे न घेता खेळणाऱ्या सभ्य गृहस्थांनी वर बसायचं, पगारी खेळाडूंनी खाली मागच्या अंगाला; मैदानात उतरायची फाटकंसुद्धा वेगळी. महायुद्धाआधी वरची खोली गजबजलेली असे. आता काउंटीच्या संघात हौशी असा ऑब्री एकटाच उरला होता, म्हणून कप्तानही तोच. बाकीचे खाली हसतखिदळत चहा पीत आणि हा एकटा जीव सदाशिव वर भिंतींकडे बघत बसे.

त्यात आज वडील यायचे होते. त्यांचा चामड्याचा कारखाना होता, आणि त्यांनी बजावलं होतं, आजही भोपळ्यावर परतलास तर क्रिकेट बंद, उद्यापासून कारखान्यात बसायचं. त्या कातड्यांचा वास नुसता आठवला तरी ऑब्री नाक दाबून धरायचा.

टोपीचा राग त्याने हॉलिनवर काढला. जेबेझ हॉलिन म्हणजे पगाऱ्यांतला सर्वांत जुना फलंदाज.

"माझ्या खोलीत तुमच्यातलं कोण येतं रे?"

"आम्ही आत पाऊल टाकत नाही, साहेब. मुभाच नाही." हॉलिन जरा घुटमळला. "ती टोपी कार्नफर्थसाहेबांची. युद्ध पुकारलं त्या दिवशी पॅड बांधून बसले होते, पुढचा नंबर त्यांचाच. सामना तिथंच थांबला. मग ते फ्रान्सला गेले, ते गेलेच... आज आमच्यात बसा ना, साहेब."

ऑब्री भडकला. कप्तान पगाऱ्यांत बसला तर समिती काय म्हणेल? आणि मेलेल्या माणसाला टोपी अडकवायला त्याचीच खुंटी सापडली होती का? तो तरातरा वर गेला.

दुपारी ढग खाली उतरले. ऑब्री पॅड बांधून बसला होता. खोलीत ओल्या मातीचा वास पसरला, आणि त्याच्या पाठीमागे कोणीतरी स्वतःच्या पॅडचा पट्टा ओढून घट्ट केला. ऑब्रीने वळून पाहिलं नाही.

"हे बघा," तो चिडून म्हणाला, "पुढचा नंबर माझा आहे."

मैदानात झेल उडाला, गडी बाद झाला, टाळ्या वाजल्या. ऑब्री बॅट घेऊन उठला, पण दाराची मूठ फिरेना. त्याने खांदा दिला, लाथा घातल्या, शिव्या हासडल्या. बाहेर जिन्यावरून खिळ्यांचे बूट शांतपणे उतरत गेले.

खिडकीतून पाहतो, तर हौशींच्या मधल्या फाटकातून तो स्वतःच मैदानात चालला होता. तीच चाल, काखेत तशीच बॅट. आणि मग काय ते फटके! ऑब्रीला जन्मात जमले नव्हते. तो काचेवर मुठी आपटत राहिला. एकानेही मान वर केली नाही. भीती होतीच, पण त्याहून संताप मोठा होता. माझा डाव हा कोण खेळतोय?

तेवढ्यात त्याला वडील दिसले. हा माणूस मुलासाठी कधी जागचा हलला नव्हता. आता उभा राहून, हॅट काढून ओरडत होता. ऑब्रीच्या मुठी थांबल्या. त्याला रडू फुटलं.

खेळ संपल्यावर वडिलांनी त्या दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याच्यासाठी मोटारीचं दार उघडलं, आणि मोटार निघून गेली.

मग खोलीची मूठ अगदी सहज फिरली. हॉलिन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"हॉलिन... बरं झालं आलास. मी इथे आहे..."

हॉलिनने डोक्यावरची टोपी काढली. त्याची नजर ऑब्रीवर नव्हती, कुठेच नव्हती.

"उजेड गेला, साहेब," तो रिकाम्या खोलीला रोजच्या सवयीने, अदबीने म्हणाला. "आज काही तुमचा नंबर येत नाही. पॅड सोडून ठेवा."

दार लागलं. ऑब्री खाली वाकला. दुपारीच बांधलेल्या पॅडची बकलं गंजून गच्च बसली होती.