आधी टाळ्या, मग गाणं

कचेरीमागच्या रेकॉर्डिंग हॉलसाठी वनमालेनं सरकारला सात अर्ज लिहिले होते, आणि सातही अर्ज लिहिताना आठ महिन्यांची नीला तिच्या मांडीवर होती. त्यामुळं दोन अर्जांवर गुटीचे डाग गेले. संगीत मंडळात बी.ए. झालेलं माणूस एकच, म्हणून चिटणीसपद तिच्या गळ्यात पडलं. पण आता ती हट्टाला पेटली होती.

निजामाच्या अमदानीत इथं गवयांना बसवून रेडिओसाठी तबकड्या भरत. पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली, तेव्हापासून हॉलला कुलूप. सरकारला त्यात सरकीची पोती ठेवायची होती; मंडळाला गाण्याच्या बैठका करायच्या होत्या. नीलाला मोठेपणी गाणं ऐकायला धाराशिवाहून सोलापूरची मोटार धरावी लागू नये, एवढंच वनमालेचं मागणं. रविवारी चारला बांधकाम खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. हॉल पसंत पडला तर वाचला, नाहीतर सोमवारी पोती.

दोन वाजताच ती नीलाला घेऊन पोचली. जुना शिपाई महालिंगप्पा झाडत होता. गाण्याचे निवृत्त मास्तर दत्तोपंत तंबोरा लावत होते. खिडकी एकही नाही, भिंतींना काथ्या भरलेल्या गोणपाटाच्या गाद्या, आणि वटवाघळांचा वास. हा वास बाळाला बाधतो का, हे कुणाला विचारावं ते वनमालेला कळेना.

तेवढ्यात खुळखुळा पडल्याचा आवाज झाला. ती उचलायला वाकली. खुळखुळा नीलाच्या मुठीतच होता. मग नीलानं मूठ सोडली, आणि तो पडला.

रात्रभर बाळ झोपू देत नाही, म्हणून असं होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळानं दत्तोपंत शिंकले. ती म्हणाली, "शतायुषी व्हा!"

"कशाबद्दल?"

"शिंकलात ना?"

"छे! म्हणजे, येतेय खरी..." दत्तोपंतांनी नाक वर केलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि मग शिंकले. वनमालेनं मनात आकडे मोजले होते. वीस झाले होते.

मग दत्तोपंतांनी सुराला तोंड उघडलं, तर टाळ्यांचा कडकडाट. हॉलमध्ये माणसं चार, त्यातलं एक तान्हं. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी एक जास्तीची वाजवली आणि खोकलं. दत्तोपंतांना उभ्या जन्मात इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. कुठून आल्या, हे न विचारता ते वाकून नमस्कार करते झाले.

"महालिंगप्पा, हे काय?" वनमालेचा आवाज चिरकला.

"इथली रीतच हाय ती, अक्का. टाळ्यांसाठी खेड्यातनं माणसं आणायची. ती गाणं सरंपतूर कुठं थांबत्यात? मोटार चुकती की! मग आधी टाळ्या भरून घ्यायच्या, गाणं मागनं. लई वर्सं तसंच चाललं. आता सवय लागलीया."

"कुणाला?"

"खोलीला. दुसऱ्या कुणाला?" असं म्हणून तो कोपरा झाडू लागला.

चारला साहेब आले, मंडळी आली. साहेबांनी खुर्चीवर रुमाल अंथरला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "गाणं ऐकतो, पण सांगून ठेवतो, सरकीला जागा लागणारच. तेव्हा..."

"बरं, देऊन टाका हॉल मंडळाला. चिटणीस या बाईच राहू देत."

आवाज साहेबांचाच होता. आला होता मात्र त्यांच्या पाठीमागच्या भिंतीतून.

मग मंडळींनी साहेबांना हार घातला.

"अहो, मी... मी बोललो?"

"सगळ्यांनी ऐकलं की, साहेब!" दत्तोपंत म्हणाले. "मोठ्या मनाचे तुम्ही!"

साहेबांचे ओठ हलले नव्हते. वनमाला त्यांच्या तोंडाकडेच पाहत होती. एक शब्द बोलायचा अवकाश, हार परत निघाला असता. तिनं नीलाकडं पाहिलं, आणि नीलाचं कपाळ गरम लागतं का ते पाहण्यात गुंतून गेली.

दत्तोपंत जीव ओतून गायले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर साहेबांनी एक जास्तीची वाजवली आणि खोकले.

वनमालेनं घड्याळ पाहिलं. अडीच तास.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "बरं," ते गोंधळल्यासारखे म्हणाले, "देऊन टाका हॉल मंडळाला. चिटणीस या बाईच राहू देत."

मंडळी चहाला बाहेर गेली. महालिंगप्पानं किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तोही गेला.

तिनं दार ओढलं. नीला खांद्यावर झोपली होती. तिचा ऊन श्वास मानेला लागत होता.

आतून बाईचा आवाज आला. जरा बसलेला, थकलेला. पण वनमालेचाच.

"नीला? ए नीला... दप्तर इथंच पडलंय गं तुझं. पुरे झालं आता लपणं."

वनमाला उत्तरासाठी थांबली.

आतली बाईही थांबली असावी.

मग तळहातानं गोणपाट चाचपल्याचा आवाज आला. भिंतीच्या एका टोकापासून, सावकाश, दुसऱ्या टोकाकडं.